कुवेतमधील प्रौढांचे नैराश्य : प्रकृती, दिनचर्या आणि परदेशवास

परदेशी स्थायिक झालेला मराठी माणूस आपल्या मनाची अवस्था सहसा उघड करीत नाही. ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाचे ‘मजेत’ हे उत्तर ठरलेले असते. फारच जवळच्या व्यक्तीने खोदून विचारले, तर ‘हल्ली कशात मन लागत नाही’, ‘झोप नीट होत नाही’, ‘पित्ताचा त्रास वाढलाय’, ‘उन्हाळ्यामुळे थकवा असेल’ अशी वाक्ये येतात. या वाक्यांमागे कधी खरोखरच केवळ उन्हाळा असतो, तर कधी उपचार करण्याजोगा आजार असतो. दोहोंतील फरक ओळखता यावा आणि प्रकृती व दिनचर्येतील कोणत्या बाबींचा नैराश्याशी संबंध आढळला आहे हे एकत्र वाचायला मिळावे, हा या लेखाचा हेतू आहे. कुवेतमध्ये सुमारे १० लाख भारतीय राहतात आणि येथील परदेशी समाजांत त्यांची संख्या सर्वाधिक आहे. त्यांतील मराठी कुटुंबांचे रोजचे जगणे डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले आहे.

नैराश्य कशाला म्हणावे?

दुःख, कंटाळा, उबग किंवा घरची ओढ यांना वैद्यकशास्त्र नैराश्य म्हणत नाही. विमानतळावर आईवडिलांचा निरोप घेऊन परतलेल्या माणसाचे मन आठ दिवस जड राहिले, तर तो आजार नव्हे. मन उदास असणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी नाहीशी होणे, या दोहोंपैकी किमान एक लक्षण सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतांश काळ टिकून असेल, तर नैराश्याची शंका घ्यावी लागते. त्याच्या जोडीला झोपेतील बदल, भुकेत किंवा वजनात फरक, सततचा थकवा, हालचालीतील मंदपणा किंवा अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव, स्वतःविषयी अपराधी किंवा निरुपयोगी वाटणे आणि मृत्यूचे विचार ही लक्षणे पाहिली जातात. एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच आढळली आणि त्यामुळे काम, घर वा नातेसंबंध यांत अडथळा येऊ लागला, म्हणजे निदानाचा निकष पूर्ण होतो.

याच नऊ लक्षणांवर आधारलेली ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते व तिचे मराठी रूपही उपलब्ध आहे. तिच्यात ० ते २७ गुण असतात. १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास डॉक्टरांची भेट घेणे इष्ट ठरते. ही प्रश्नावली चाळणीसारखी आहे, अंतिम निदान मात्र डॉक्टरच करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे ५ टक्के व्यक्ती नैराश्यग्रस्त आहेत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे. भारतात ‘निम्हान्स’ या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे दिसले आणि नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचेही आढळले. आजार ओळखला न जाणे ही आपल्या समाजाची जुनी अडचण आहे. ती आपण सामानाबरोबर परदेशातही आणली आहे.

संबंध आणि कारण यांतील अंतर

पुढे ज्या बाबींचा उल्लेख येईल, त्यांचा नैराश्याशी संबंध आढळला आहे. प्रत्येक बाब नैराश्याचे कारण असेलच असे नाही. जो चालायला जात नाही त्याचे मन खचते, हे जितके खरे, तितकेच ज्याचे मन खचले आहे तो चालायला जात नाही, हेही खरे. शिवाय आनुवंशिकता, बालपणातील आघात, दीर्घ आजार, आर्थिक ओढाताण यांचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘तू व्यायाम करीत नाहीस, म्हणूनच हे झाले’ असे रुग्णाला ऐकवणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही.

या विषयावरचा एक मोठा अभ्यास ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’च्या माहितीवर आधारलेला असून तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २ लाख ८७ हजार प्रौढांचा सरासरी नऊ वर्षे मागोवा घेऊन संशोधकांनी सात सवयींचे वजन तपासले. पुरेशी झोप घेणाऱ्यांत नैराश्याचा धोका २२ टक्क्यांनी कमी आढळला. कधीच धूम्रपान न केलेल्यांत तो २० टक्क्यांनी, माणसांत मिसळणाऱ्यांत १८ टक्क्यांनी, नियमित शारीरिक हालचाल असणाऱ्यांत १४ टक्क्यांनी, बैठा वेळ कमी असणाऱ्यांत १३ टक्क्यांनी, मद्यपान मर्यादित असणाऱ्यांत ११ टक्क्यांनी आणि सकस आहार घेणाऱ्यांत ६ टक्क्यांनी कमी होता. सातपैकी पाच वा अधिक चांगल्या सवयी असणाऱ्यांत एकत्रित धोका ५७ टक्क्यांनी कमी दिसला. आनुवंशिक धोका जास्त असलेल्यांतही सवयींचा लाभ टिकून होता. यातील सहभागी मुख्यतः गौरवर्णी ब्रिटिश होते, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरीही झोप आणि माणसांचा सहवास या यादीत वरच्या स्थानी आहेत, ही नोंद परदेशस्थांनी जरूर घ्यावी, कारण परदेशात सर्वांत आधी याच दोन गोष्टी हातातून निसटतात.

झोप

निद्रानाश हे नैराश्याचे लक्षण आहे आणि पूर्वसूचनाही आहे. नैराश्य नसलेल्या परंतु दीर्घकाळ झोप न लागणाऱ्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे.

कुवेतमधील दिनक्रम झोपेला फारसा अनुकूल नाही. प्रकल्पस्थळी काम करणारा अभियंता पहाटे निघतो, रुग्णालयातील परिचारिका आळीपाळीच्या पाळ्यांत असते, तर बाजारपेठा आणि मॉल रात्री उशिरापर्यंत गजबजलेले असतात. रमजानमध्ये शहराचा दिवसच रात्री सुरू होतो. भारताचे घड्याळ अडीच तास पुढे असते. कुवेतमध्ये रात्री आठ वाजता घरी पोहोचलेल्या माणसाने गावी फोन लावावा, तर तिकडे साडेदहा झालेले असतात आणि म्हातारी माणसे निजलेली असतात. मग तो राहिलेला संवाद भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवत मध्यरात्रीपर्यंत शोधला जातो.

उपाय साधे असले तरी ते चिकाटीने करावे लागतात. उठण्याची वेळ शुक्रवारी-शनिवारीही शक्यतो तीच ठेवावी, दुपारी उशिराचा चहा-कॉफी टाळावी आणि पडदा झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. वजन जास्त असून मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा पेंग येणे अशी लक्षणे असतील, तर निद्राश्वसनरोधाची तपासणी करून घ्यावी. हा विकार असलेल्यांतही नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते आणि झोपेची गोळी त्याचा त्रास वाढवू शकते.

हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १६८ देशांतील शारीरिक निष्क्रियतेची तुलना प्रसिद्ध केली. पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण कुवेतमध्ये ६७ टक्के होते व ते सर्व देशांत सर्वाधिक होते. भारताचा आकडा ३४ टक्के होता. पुण्यात बसथांब्यापर्यंत चालणारा, मुंबईत लोकलचे जिने चढणारा माणूस येथे आला की वातानुकूलित घरातून वातानुकूलित गाडीत आणि तेथून वातानुकूलित कार्यालयात जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वायव्य कुवेतमधील मितरिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी नोंदवलेले ५३.९ अंश सेल्सिअस तापमान जागतिक हवामान संघटनेने प्रमाणित केले असून ते आशियातील उच्चांकांपैकी आहे. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करवून घेण्यास येथे बंदी असते. त्यात धुळीची वादळे आली, की खिडकी उघडणेही नकोसे होते.

मात्र हालचालीचा लाभ मिळण्यासाठी फार मोठ्या व्यायामाची गरज नसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १५ अभ्यासांतील १ लाख ९० हजारांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र केली होती. आठवड्याला सुमारे अडीच तास झपाझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी होता आणि त्याच्या निम्मीच हालचाल करणाऱ्यांतही तो १८ टक्क्यांनी कमी होता. याचा अर्थ असा की मोठा लाभ ‘काहीच नाही’पासून ‘थोडेसे’पर्यंत जाण्यात आहे. ज्यांना नैराश्य आधीच आहे अशा व्यक्तींवरील २१८ चाचण्यांचा आढावा २०२४ मध्ये आला. चालणे वा धावणे, योगासने आणि स्नायूबळाचे व्यायाम हे त्यात विशेष उपयुक्त ठरले.

नोव्हेंबर ते मार्च हे येथील पाच महिने चालण्यासाठी सोन्यासारखे असतात. अरबी आखाताच्या काठचा पदपथ, कुवेत शहरातील शहीद उद्यान किंवा वस्तीतील एखादी बाग यांचा तेव्हा लाभ घ्यावा. उन्हाळ्यात मॉलमध्ये सकाळी लवकर चालण्याचा पर्याय अनेकांनी स्वीकारलेला आहे. घरात १२ सूर्यनमस्कारांना फारशी जागा लागत नाही. एकट्याने केलेल्या व्यायामापेक्षा दोघा-तिघांनी ठरवून केलेला व्यायाम टिकतो आणि त्यात सहवासही साधतो.

आहार, वजन आणि मधुमेह

आहार बदलला तर नैराश्य कमी होते का, हे तपासणारी एक छोटी परंतु बहुचर्चित चाचणी ऑस्ट्रेलियात झाली व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्यग्रस्त ६७ जणांपैकी एका गटाला आहारतज्ज्ञाच्या साह्याने भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, सुकामेवा व ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार दिला, तर दुसऱ्या गटाला केवळ सोबत व गप्पागोष्टी. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातील ३२ टक्के, तर दुसऱ्यातील ८ टक्के व्यक्ती आजाराच्या निकषाबाहेर आल्या. सहभागी थोडे असल्याने या निष्कर्षाला मर्यादा आहे. तरी त्या आहाराची आपल्याला ओळख पटते. मोडाची मटकी, पालेभाजी, भाकरी, ताक आणि कोकणी घरातील माशांचे कालवण यांपासून तो फार दूर नाही. दूर गेलो आहोत ते आपण. एकट्याने राहणाऱ्याचे रात्रीचे जेवण हल्ली बहुधा ॲपवरून मागवलेले असते.

स्थूलता आणि नैराश्य यांचे नाते दुहेरी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासांच्या विश्लेषणानुसार स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी अधिक होती आणि नैराश्यग्रस्तांना स्थूलता येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी अधिक होती. भारतीयांच्या शरीरात पोटावरील चरबीचे प्रमाण अधिक असल्याने आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्सची मर्यादा २३ मानावी आणि कमरेचा घेर पुरुषांत ९०, तर स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे सांगितले जाते.

मधुमेहाचेही तसेच आहे. मधुमेहींमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट असते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार कुवेतमधील प्रौढांत मधुमेहाचे वयानुरूप प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. नैराश्य असलेला मधुमेही औषधे चुकवतो, पथ्य सोडतो, साखर वाढते, साखर वाढली की थकवा व निराशा वाढते. या चक्रात साखरेचा आकडा पाहणाऱ्या डॉक्टरांना मनाची अवस्थाही सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनाही हेच लागू पडते.

रक्ततपासणीत काय पाहावे?

नैराश्यासारखी लक्षणे काही शारीरिक बिघाडांतूनही निर्माण होतात. थायरॉइडचे कार्य मंदावणे, रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यांतील प्रमुख कारणे आहेत. शाकाहारी व्यक्ती आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्ती यांनी ब-१२ अवश्य तपासून घ्यावे. मानसोपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टर या तपासण्या सुचवतात.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट बोधप्रद आहे. वर्षभर ऊन असूनही बंद घरांत राहणाऱ्या आखाती रहिवाशांत त्याची कमतरता सर्रास आढळते आणि ही कमतरता असलेल्यांत नैराश्य अधिक दिसते. म्हणून गोळ्या घेतल्या की नैराश्य टळेल, असा समज पसरला. अमेरिकेत ५० वर्षांवरील १८ हजारांहून अधिक व्यक्तींना सुमारे पाच वर्षे रोज २,००० एकक ‘ड’ जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देऊन ही कल्पना तपासण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील नैराश्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी ती भरून काढावीच, मात्र त्या गोळीवर मनाचा भार टाकू नये. संबंध आणि कारण यांतील अंतर ते हेच.

मद्य आणि तंबाखू

कुवेतमध्ये मद्याची विक्री, निर्मिती व सेवन यांस कायद्याने बंदी आहे. त्यामुळे येथील मद्यपान चोरट्या, घरगुती दारूच्या रूपात होते आणि मनाच्या प्रश्नात जिवाचा प्रश्न मिसळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूमुळे १६० जणांना विषबाधा झाली व त्यांपैकी २३ जण दगावले. बाधित बहुतांशी आशियाई होते, अनेकांची दृष्टी गेली. मद्य काही तास झोप आणते, पण ती तुटक असते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढवते. व्यसन व नैराश्य एकत्र असतील तर दोहोंवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. पुण्यातील ‘मुक्तांगण’ १९८६ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. सुट्टीत गावी गेल्यावर तेथे किंवा अन्यत्र सल्ला घेता येतो.

‘सिगारेटने ताण हलका होतो’ हा अनुभव खरा वाटतो, कारण निकोटिनची तलफ शमते. धूम्रपान सोडलेल्यांत काही आठवड्यांनंतर चिंता व उदासी कमी होते, असे अनेक अभ्यासांचा २०१४ मधील आढावा सांगतो. येथील शिशाही या नियमाला अपवाद नाही.

काम, इकामा आणि एकटेपणा

परदेशस्थाच्या नैराश्याचा सर्वांत खोल झरा दिनचर्येच्या तक्त्यात सापडत नाही. कुवेतमध्ये खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याचा इकामा मालकाशी जोडलेला असतो. नोकरी गेली की पगारासोबत राहण्याचा हक्क, मुलांची शाळा आणि पुण्या-नाशिकमधील घराचा हप्ता हे सारे एकदम डळमळते. अशा स्थितीत वरिष्ठांचा अपमान गिळणे, जादा तास निमूट करणे आणि ‘आणखी दोन वर्षे काढू’ असे स्वतःला बजावणे हे नित्याचे होते. नियंत्रण नाही, कौतुक नाही आणि सुटकेचा मार्गही नाही, अशा नोकरीचा नैराश्याशी असलेला संबंध अनेक देशांत दिसून आला आहे.

कुटुंब सोबत असणे हाही पगाराचा प्रश्न आहे. जानेवारी २०२४ मध्ये कुवेतने कुटुंब व्हिसा पुन्हा खुला केला तेव्हा किमान मासिक वेतनाची अट ८०० दिनारांची होती. तिच्या खाली असणाऱ्यांना वर्षातले ११ महिने पत्नी-मुलांशिवाय काढावे लागतात. ज्यांचे कुटुंब येथे आहे, त्यांच्याही वाट्याला एक ऋतू एकटेपणाचा येतो. जूनमध्ये भारतीय शाळांना सुट्टी लागली की बायको-मुले गावी जातात आणि दोन-अडीच महिने सालमिया, मंगफ वा अब्बासियातील घरात माणूस एकटा उरतो. बाहेर ५० अंशांचा वणवा, आत वातानुकूलन यंत्राची घरघर. झोप, जेवण, हालचाल आणि सहवास हे चारही आधार याच काळात एकदम सुटतात. आधीपासून मन खचलेल्या व्यक्तीसाठी हे आठवडे जोखमीचे असतात. त्यांची आखणी मे महिन्यातच करावी. कोणाबरोबर जेवायचे, शुक्रवारी कोणाकडे जायचे, रोज कोणाला फोन करायचा, हे ठरवून ठेवावे.

दूरच्या आईवडिलांची काळजी हा आणखी एक भार. वडिलांच्या शस्त्रक्रियेला पोहोचता न येणे, आईचे अंत्यदर्शन हुकणे, यांतून येणारा अपराधभाव वर्षानुवर्षे मनात राहतो. येथे तेराव्याला चार माणसे जमत नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावे लागते आणि शोक करायचा राहूनच जातो. सामूहिक दुःखाचेही तसेच. १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हा ज्यांचे कोणीही त्या इमारतीत नव्हते, तेही कितीतरी दिवस अस्वस्थ होते.

स्त्रियांचा निराळा प्रश्न

पतीच्या इकाम्यावर आलेल्या स्त्रीला २२ क्रमांकाच्या कलमाखालील परवाना मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. पुण्यात बँकेत, महाविद्यालयात वा संगणक क्षेत्रात काम केलेली स्त्री येथे येते आणि तिची ओळख अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच उरते. ‘घर आहे, गाडी आहे, मग कमी काय आहे?’ या प्रश्नाने तिची घुसमट आणखी वाढते.

बाळंतपणानंतरचा काळ विशेष जपण्याचा. भारतातील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे २२ टक्के मातांमध्ये प्रसूतिपश्चात नैराश्य आढळले होते. माहेरचा दीड-दोन महिन्यांचा विसावा, मालिश, शेक, डिंकाचे लाडू आणि रात्री बाळाला घेणारी आजी यांत आहाराइतकीच मनाची सोय होती. येथे आई व्हिसाच्या मुदतीपुरती येते किंवा येऊही शकत नाही. प्रसूतीनंतर दोन आठवडे उलटूनही रडू आवरत नसेल, बाळाविषयी माया वाटत नसेल किंवा बाळाला इजा होण्याचे विचार येत असतील, तर ते बाईचे ‘नखरे’ नव्हेत. तातडीने डॉक्टरांना दाखवावे. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांतही नैराश्याची शक्यता वाढते.

पुरुषांत नैराश्य बहुधा चिडचिड, अबोला, अतिकाम किंवा व्यसन या रूपांत दिसते, म्हणून ते ओळखले जात नाही.

उपचारांविषयी : गोव्यातील धडा

सौम्य नैराश्यात दिनचर्येतील सुधारणा व समुपदेशन पुरेसे ठरू शकते. मध्यम व तीव्र नैराश्यात मानसोपचार, औषधे किंवा दोन्ही लागतात. नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम दिसण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने सुरू ठेवावी लागतात आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. त्यांची नशा चढत नाही.

मानसोपचारातील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारीच, गोव्यात झाला आहे. ‘संगाथ’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यग्रस्त ४९५ प्रौढांवर ही चाचणी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तींनी सहा ते आठ भेटींत एकच सूत्र वापरले. मन उल्हसित होण्याची वाट पाहायची नाही, आधी अर्थपूर्ण कृती सुरू करायची, मन मागून येते. रुग्णाने सोडून दिलेल्या गोष्टींची यादी करायची, त्यांतली सर्वांत सोपी निवडायची आणि तिला दिवस व वेळ ठरवून द्यायची. देवपूजा असेल, शेजारणीकडे जाणे असेल, बाजारहाट असेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील ३९ टक्के. लाभ वर्षभरानंतरही टिकून होता.

कुवेतमधील वाचकांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, ढोल-लेझीमचा सराव, नाटकाची तालीम, मुलांचा मराठी वर्ग किंवा शुक्रवारचे क्रिकेट यांना केवळ करमणूक समजू नये. त्यांत हालचाल आहे, सहवास आहे आणि आठवड्याला वेळ ठरवून दिलेली कृती आहे. मात्र वर्षातून एकदा मखरासमोर फोटो काढण्याने हे साधत नाही. दर आठवड्याची लहान, ठरलेली भेट अधिक उपयोगी पडते.

मदत कोठे मिळते?

शुवेख परिसरातील कुवेत मानसिक आरोग्य केंद्र हे येथील प्रमुख सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांतही मानसिक आरोग्याची सेवा मिळते, तसेच खासगी रुग्णालयांत हिंदी बोलणारे डॉक्टर असतात. २०१९ च्या १४ क्रमांकाच्या कायद्याने रुग्णांचे हक्क व उपचारांची गोपनीयता यांना आधार दिला आहे. ‘डॉक्टरांकडे गेलो तर इकामा जाईल’ ही धास्ती अनेकांना रोखते. परंतु इकाम्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीचा रोख प्रामुख्याने क्षयरोग, हिपॅटायटिस, एचआयव्ही अशा संसर्गजन्य रोगांवर असतो. स्वतःच्या भाषेत बोलण्याची गरज असेल, तर ठाण्याची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून मराठीत काम करीत आहे. भारतातील कुटुंबीयांसाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते.

भारतातून औषधे आणताना सावध राहावे. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम, तसेच ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन ही औषधे कुवेतमध्ये कडक नियंत्रणाखाली आहेत. ओळखीच्या कोणासाठी म्हणून अशी पाकिटे सामानात घेऊ नयेत. स्वतःसाठी हवी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, निदानाचा दाखला आणि मोजका साठा ठेवावा व निघण्यापूर्वी नियमांची खातरजमा करावी.

जवळच्यांनी काय करावे?

‘माझ्याशिवाय सगळ्यांचे बरे चालेल’, ‘आता सुटका हवी’ असे बोलणे, अचानक कागदपत्रे व पैशांची निरवानिरव करणे, प्रिय वस्तू वाटून टाकणे किंवा फार काळच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत होणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा दूर करावा आणि तातडीच्या मदतीसाठी कुवेतमध्ये ११२ वर संपर्क साधावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.

एरवी उपदेश कमी आणि सोबत जास्त, हे सूत्र ठेवावे. ‘मन घट्ट कर’ म्हणण्यापेक्षा ‘सहा वाजता खाली ये, समुद्रापर्यंत चालून येऊ’ म्हणावे. डॉक्टरांची वेळ घेऊन द्यावी आणि पहिल्या भेटीला बरोबर जावे. ज्याच्या घरी यंदा जूनमध्ये दिवा एकट्यासाठी लागणार आहे, अशी एक तरी व्यक्ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असते. तिला फोन करावा आणि ‘मजेत’ हे उत्तर आल्यावर फोन लगेच ठेवू नये.